टर्कीची अंडी देशी कोंबडीखाली उबतात का? आणि निघालेली पिल्लं आठवड्याभरात का मरतात?

उबतात की. खरं सांगायचं तर अंडी उबवायच्या घरगुती छोट्या मशीनपेक्षा मला खुडुक (अंड्यांवर बसायला आलेली) कोंबडीच जास्त भरवशाची वाटते, लाईट गेली तरी तिला फरक पडत नाही. आमच्याकडे साताऱ्याच्या बाजूला परसात देशी कोंबड्या आणि थोड्या टर्की आहेत, त्या अनुभवावरून सांगतोय.

तुम्ही लिहिलंय की कोंबडीची आणि टर्कीची अंडी एकाच दिवशी एकाच पाटीत ठेवली, कोंबडीची पिल्लं निघाली आणि टर्कीची अंडी तशीच राहिली. अहो ती राहणारच. कोंबडीच्या अंड्याला २१ दिवस लागतात, टर्कीच्या अंड्याला २८. एकविसाव्या दिवशी पिल्लं चिवचिवायला लागली की एकदोन दिवसात कोंबडी त्यांना घेऊन चरायला उठते, आणि टर्कीची अंडी ऐन शेवटच्या आठवड्यात गार पडतात. अंडी फलित होती तर आत पिसं आलेली पिल्लं मेलेली असणार. एकत्रच बसवायची असतील तर टर्कीची अंडी या सोमवारी ठेवा आणि कोंबडीची पुढच्या सोमवारी, म्हणजे सगळी एकदम फुटतील. आणि संख्या कमी ठेवा. देशी कोंबडी स्वतःची दहाबारा अंडी आरामात झाकते पण टर्कीचं अंडं ऐंशीएक ग्रॅमचं, देशी अंड्याच्या जवळपास दुप्पट, त्यामुळे सगळी मिळून सातआठ बास. जास्त ठेवली की कडेची गार होतात, मग कोंबडी ती गार झालेली आत ओढते आणि दुसरी बाहेर जातात, असं करत सगळीच खराब.

अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नकोत, धुवायची नाहीत, फ्रीजमधली तर अजिबात नकोत. उन्हाळ्यात साठवताना माठाशेजारी गार जागी, टोकाची बाजू खाली करून ठेवायची. कोंबडी बसवण्याआधी तिला जंताचं औषध द्या (का ते खाली सांगतो) आणि पिसात उवा आहेत का बघा, कारण उवा झालेली कोंबडी अठ्ठावीस दिवस टिकत नाही, मधेच उठते. रोज एकदा उचलून बाहेर काढायची, ज्वारी मका टाकायचा, पाणी प्यायली, घाण टाकली की ती आपोआप परत जाऊन बसते. दहाव्या दिवशी रात्री बॅटरी लावून बघा, टर्कीच्या कवचावर ठिपके असतात त्यामुळे कोंबडीच्या अंड्याइतकं स्वच्छ दिसत नाही, पण लाल शिरा दिसल्या तर ठेवा, नुसतं पिवळं दिसलं तर काढून टाका.

मशीनच वापरायचं असेल तर पंख्याच्या मशीनला तापमान ३७.५ च्या आसपास, ओलावा ५५-६० टक्के, आणि पंचविसाव्या दिवसापासून अंडी फिरवायची बंद करून ओलावा ७० च्या आसपास न्यायचा. लाईट गेली तर झाकण उघडून बघत बसू नका, वरून गोधडी टाका. चोच बाहेर आल्यावर पिल्लाला चोवीस तासही लागू शकतात, कवच सोलून मदत करायला जाल तर रक्त येतं आणि पिल्लू जातं.

आता मरण्याचं. आठवड्यात मरणारी टर्कीची बरीच पिल्लं रोगाने नाही, उपाशी मरतात. समोर खाद्य असतं आणि कळत नाही. कोंबडीचं पिल्लू पहिल्या दिवसापासून टोचायला लागतं, टर्कीचं नुसतं उभं राहतं आणि ओरडतं. त्याला शिकवावं लागतं. चोच हळूच पाण्यात बुडवायची, मग खाद्यात. भांड्यावर बोटाने टकटक करायचं. पाण्यात आणि खाद्यात रंगीत गोट्या टाकायच्या म्हणजे चमकतंय म्हणून टोचतात. हिरव्या रंगाकडे ती जास्त जातात, म्हणून खाद्यावर लसूणघास किंवा कोथिंबीर एकदम बारीक चिरून भुरभुरवायची. उकडलेलं अंडं कुस्करून द्या, दहा पिल्लांना एक. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे त्यांच्यात मशीनमधून निघालेली कोंबडीची दोनतीन पिल्लं सोडायची, ती खातात ते बघून ही खातात, आमच्याकडे ट्यूशनची पोरं म्हणतात त्यांना.

खाद्यही बघा. टर्कीच्या पिल्लाला पहिले चार आठवडे २८ टक्क्यांच्या आसपास प्रोटीन लागतं, आपल्याकडे दुकानात मिळतं ते ब्रॉयलरचं प्री-स्टार्टर (अगदी लहान पिल्लांचं खाद्य) २२-२३ टक्क्यांचं. तेच घ्या पण अंडं चालू ठेवा. नुसत्या कण्या आणि भरडा घालून पाय वाकडे होतात. पहिला आठवडा ३५ डिग्री ऊब, मग दर आठवड्याला तीनएक डिग्री कमी. त्यासाठी जुना पिवळा बल्बच लागतो, एलईडीने काही ऊब येत नाही. खाली पेपर अंथरू नका, घसरून पाय फाकतात, पहिले दिवस गोणपाट आणि मग भाताचं तूस.

आणि जंताचं सांगतो म्हटलं ते. कोंबडीच्या आतड्यात बारीक जंत असतात, त्यांच्या अंड्यातून ब्लॅकहेड नावाचा रोग पसरतो. कोंबडीला सहसा काही होत नाही, टर्की मात्र पिवळीधमक पातळ हगवण लागून मान टाकते, लिव्हर खराब होतं आणि हमखास औषध नाही. ती जंताची अंडी मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात, गांडुळातूनही जातात. म्हणून माझं स्पष्ट मत, कोंबडीकडून फक्त अंडी उबवून घ्या, पिल्लं वाळली की लगेच वेगळ्या जागी ब्रूडरमध्ये (बल्बची ऊब दिलेल्या खोक्यात) घ्या. बिचारी एकदोन दिवस शोधत फिरते, वाईट वाटतं, म्हणून तर तिची स्वतःची तीनचार अंडी सोबत ठेवायची, ती पिल्लं तिच्याकडे राहू द्या. पुढेही टर्कीला कोंबड्या चरतात त्या मातीवर सोडू नका.

मानमोडीची लस चुकवू नका. लासोटा म्हणजे तीच लस, तिची बाटली बहुतेक शंभरेक डोसची येते आणि एकदा कालवली की दोनेक तासात संपवावी लागते, त्यामुळे शेजारपाजारच्यांना सांगून एकाच दिवशी सगळ्यांच्या पिल्लांना घाला, दवाखान्यातले डॉक्टर वेळापत्रक देतात.

बदकाची अंडीही याच पद्धतीने होतात, २८ दिवसच. फक्त तोंडावर लाल गाठी असतात त्या मस्कोव्ही बदकाला ३५ दिवस लागतात, तेवढं एका कोंबडीला बसवू नका, हाडं वर येतात तिची.