झाकून ऐकलेली पाचवी

प्रश्न : ताई, आम्ही पाच मित्रांनी बीथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीची सहा रेकॉर्डिंग्ज नावं लपवून ऐकली. फक्त पहिली मूव्हमेंट (सिंफनीच्या चार भागांतला पहिला), प्रत्येकाने दहापैकी गुण द्यायचे. ज्याला आम्ही सगळे वर्षानुवर्षं देव मानत आलो, त्या फुर्टवेंगलर या कंडक्टरचं, म्हणजे ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्याचं, १९४७ चं बर्लिनचं रेकॉर्डिंग पाचवं आलं. ज्याचं कव्हरही कुणी नीट पाहिलं नव्हतं, ते पहिलं. आता दोन तट पडलेत. एक म्हणतो आपले कान कच्चे, दुसरा म्हणतो मोठी नावं म्हणजे नुसता गवगवा. तुम्ही कुणाच्या बाजूने?

उत्तर : बाजू नंतर. आधी मला एक सांगा, त्या सहांत एखादं रेकॉर्डिंग दोनदा घातलं होतंत का?

नसेलच घातलं. मीही घालत नसे. माझा भाचा फायलींची नावं बदलून क, ख, ग अशी अक्षरं देतो आणि कागद स्वतःच्या खिशात ठेवतो. दोन वर्षांपूर्वी असंच पाचव्या सिंफनीचं पहिलं दीड मिनिट सहा वेळा ऐकलं. माझ्या वहीत अजून आहे : ‘ग’पुढे लिहिलंय, “जरा जड. पुढे जायचं मनात नाही. ५.” आणि ‘छ’पुढे, “नेम धरून सोडलेला बाण. एकही सूर वाया नाही. ९.” कागद उघडताना भाचा म्हणाला, “मावशी, रागावणार नसशील तर सांगतो. ग आणि छ एकच आहे.” दोन्ही कंडक्टर कार्लोस क्लायबर, ऑर्केस्ट्रा व्हिएन्ना फिलहार्मोनिक, १९७४. ज्या रेकॉर्डिंगबद्दल मी याच सदरात दोनदा तरी भरभरून लिहिलंय, ते.

रागावले अर्थातच. मग क्रम पाहिला. ‘ग’च्या आधी ‘ख’ होतं, म्हणजे जॉन एलियट गार्डिनरचं १९९४ चं, जुन्या पद्धतीच्या वाद्यांवरचं, हलकं आणि सुसाट. ‘छ’च्या आधी ‘च’, म्हणजे ऑटो क्लेम्पेरर; तो पावलं मोजत जाणारा. गार्डिनरनंतर क्लायबर जड वाटला, क्लेम्पेररनंतर तोच बाणासारखा. क्लायबरने मधल्या वेळात काहीही केलं नव्हतं. मी दोन्ही वेळा क्लायबरला नव्हे, शेजाऱ्याला गुण दिले होते.

हे माझ्यापुरतंच आहे असं समजू नका. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना एकच रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा ऐकवलं आणि ही वेगवेगळी वादनं आहेत असं सांगितलं. बहुतेकांना त्यांत फरक ऐकू आले. ते खोटं बोलत नव्हते. फरक शोधायला बसवलेला कान रिकाम्या हाताने उठत नाही, इतकंच.

तेव्हा पुढच्या खेपेला सात फायली करा, त्यात एक दोनदा. आणि ऐकण्याचा क्रम पाचही जणांना वेगळा द्या, म्हणजे कुणीतरी गार्डिनरनंतर क्लायबर ऐकेल आणि कुणीतरी आधी. एकाच फायलीला तुम्ही दोन वेळा दिलेल्या गुणांत जेवढं अंतर पडेल, ते तुमच्या कानाचं त्या दिवसाचं माप. माझं अंतर चार गुणांचं होतं. म्हणजे त्या दिवशीच्या माझ्या यादीतले चार गुणांच्या आतले सगळे फरक मी निमूटपणे खोडायला हवे होते. खोडले, आणि यादीत काहीच उरलं नाही. तुमच्यात पहिल्या आणि पाचव्या क्रमांकात किती अंतर होतं ते पत्रात नाही. ते कळल्याशिवाय फुर्टवेंगलर खरंच पाचवा होता का, हे कुणालाच सांगता येणार नाही.

दुसरी गोष्ट फुर्टवेंगलरबद्दल. मे १९४७ चं ते रेकॉर्डिंग म्हणजे युद्धानंतर तो बर्लिन फिलहार्मोनिकसमोर पुन्हा उभा राहिला तेव्हाचं. मैफलीतलं, मोनो (एकाच वाहिनीतलं), वरच्या पट्टीत चिरकणारं. नाव झाकलं तरी त्याचं वय झाकत नाही. तुमच्या पाचांनी कंडक्टरला गुण दिले की मायक्रोफोनला? झाकून ऐकण्याची ही खरी मेख आहे. कानावर जे पडतं त्यात कंडक्टर आहे, वादक आहेत, सभागृहाच्या भिंती आहेत, माइक किती जवळ ठेवला ते आहे, आणि नंतर कुणी बटणं फिरवली असतील तर तेही आहे. या सगळ्याची मोट बांधून एकच आकडा द्यायचा म्हटल्यावर जवळून उचललेला, चकचकीत आवाज जिंकतो. दीड मिनिटात तर जिंकतोच.

फुर्टवेंगलर मुळात दीड मिनिटाचा माणूस नाही. त्याची लय आत-बाहेर होत राहते आणि तुकड्यात ती नुसती अस्थिर वाटते. तिसऱ्या मूव्हमेंटच्या शेवटी जिथे टिंपनी (मोठे नगारे) हळू आवाजात ठोके धरून राहते, वर व्हायोलिनं चाचपडत सरकतात, आणि मग ट्रॉम्बोन (पितळी फुंकवाद्यं) आतापर्यंत गप्प बसलेले एकदम उठून सी मेजर पट्टीमध्ये चौथी मूव्हमेंट उघडतात, तो सगळा पट्टा ऐका. झाकूनच ऐका, हरकत नाही. पण पाच मिनिटांचा ऐका. मग मला पुन्हा लिहा.

प्रश्न : आवाजाची पातळी सारखी करावी असं सगळे सांगतात. खरंच एवढा फरक पडतो? आणि घरच्या घरी करायचं कसं?

उत्तर : पडतो, आणि वाईट म्हणजे तो ‘आवाज मोठा आहे’ असा जाणवत नाही. एखाद-दुसऱ्या डेसिबलचा फरक कानाला “यात जास्त जीव आहे”, “तळ जास्त भरीव आहे” असा कळतो. हळू आवाजात आपल्या कानाला खालचे सूर मुळातच कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच ते मोजून दाखवलं. त्यामुळे जे रेकॉर्डिंग जरा हळू वाजलं त्याचे डबल बास गायब, आणि आपण लिहून मोकळे : “तंतुवाद्यं पातळ.”

कसं करायचं : फोनवरचं आवाज मोजणारं अॅप चालतं, कारण आपल्याला खरा आकडा नको, दोहोंतली तुलना हवी. फोन एका जागी ठेवून हलवू नका. सुरुवातीचे चार सूर मोजू नका, त्यातला शेवटचा लांबवलेला असतो आणि प्रत्येकाचा वेगळा. तुम्ही ऐकवणार असाल त्याच तुकड्यातला भरगच्च, सगळे मिळून वाजवतात असा भाग घ्या. मोठं असेल ते खाली आणा. हळू आहे ते वर चढवायला गेलात तर कधीकधी फाटतं. एका डेसिबलच्या आत आलं की पुरे.

पुरे म्हणजे काय, तर तेवढ्यावर समाधान मानायचं. एका रेकॉर्डिंगमध्ये हळू आणि मोठ्यातलं अंतर प्रचंड असतं, दुसऱ्यात ते दाबलेलं असतं. मोठा भाग जुळवला की हळू भाग जुळत नाही. त्याला इलाज नाही.

प्रश्न : मला पाश्चात्त्य स्वरलिपी वाचता येत नाही. “छान वाटलं” यापलीकडे काय लिहावं कळत नाही. पाचव्या सिंफनीत नेमकं काय ऐकायचं?

उत्तर : स्वरलिपी लागत नाही. तीन-चार जागा सांगते, प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये त्याच तपासा.

तीन आखूड, एक लांब. पुन्हा तीन आखूड, एक लांब. ही सुरुवात तंतुवाद्यं आणि फक्त क्लॅरिनेट मिळून करतात, सगळा ऑर्केस्ट्रा नव्हे. क्लॅरिनेटचा तो किंचित लाकडी रंग कुठल्या रेकॉर्डिंगमध्ये लागतो पाहा. दुसरा लांब सूर बीथोव्हेनने पहिल्यापेक्षा एक बार (तालाचा एक मोजका खण) जास्त लिहिलाय. म्हणजे तो लांबच हवा. कोण खरंच लांबवतो, कोण दोन्ही सारखेच तोडतो, मनातल्या मनात मोजा. माझ्या मते इथेच निम्मा कंडक्टर कळतो.

मग फ्रेंच हॉर्नची एक हाक येते, त्यानंतर गाणारा हळुवार भाग. मूव्हमेंटच्या उत्तरार्धात हीच हाक परत येते, पण त्या काळच्या बिनपडद्याच्या (सूर बदलायचे व्हॉल्व्ह नसलेल्या) हॉर्नला तिथे बदललेल्या पट्टीत ते सूर मिळत नव्हते, म्हणून बीथोव्हेनने ती बसूनना (बसून म्हणजे खालच्या सुरांचं लाकडी फुंकवाद्य, bassoon) दिली. पुढे पडदे असलेले हॉर्न आल्यावर बऱ्याच कंडक्टरांनी ‘त्याला हॉर्नच हवे असणार’ म्हणून बसून काढून हॉर्न घातले. काहींनी बसूनच ठेवले. दुसऱ्यांदा हाक येते तेव्हा ती दणदणीत आहे की थोडी घोगरी, बिचकत आलेली? दणदणीत असेल तर हॉर्न. मला घोगरी आवडते. हॉर्नवाल्यांची बाजूही समजते, पण आवडते घोगरीच.

त्या हाकेच्या थोडं आधी सगळा ऑर्केस्ट्रा थांबतो आणि एकटा ओबो (सनईसारखं वाद्य) दोन श्वासांचं काहीतरी बोलून जातो. त्या वादकाला कंडक्टरने किती मोकळीक दिली ते ऐका.

आणि वेळ पाहून वेग ठरवू नका. पहिल्या मूव्हमेंटमध्ये ५०२ बार आहेत. पहिले १२४ पुन्हा वाजवायचे अशी खूण आहे, ती काही जण पाळतात, काही नाही. बीथोव्हेनने १८१७ मध्ये छापून आणलेली गती मिनिटाला १०८ बारांची. पुनरावृत्तीसकट ६२६ बार होतात, म्हणजे थांबे सोडून ५ मिनिटं ४८ सेकंद. पुनरावृत्ती गाळणारा संथ कंडक्टर कागदावर सहज वेगवान दिसू शकतो.

एक फसवी गोष्ट. जुन्या पद्धतीच्या वाद्यांचे ऑर्केस्ट्रा बहुधा ४३० हर्ट्झच्या (सेकंदाला ४३० कंपनं) सुरावर लावतात, आजचे ४४० किंवा थोडं वर. फरक अर्ध्या सुराच्याही निम्मा, पण ४३० वरून लगेच ४४३ वर उडी मारली की दुसरं उगाचच उजळ वाटतं. पक्क्या सुराच्या कानाला हे जास्त बाधतं. दोन्हींच्या मध्ये अर्धं मिनिट शांतता ठेवा.

प्रश्न : जुन्या रेकॉर्डिंगची खरखर आली की सगळ्यांना कळतं. मग झाकण्यात काय अर्थ?

उत्तर : काही नाही. कंडक्टर आर्थर निकिशचं १९१३ चं बर्लिनचं रेकॉर्डिंग कर्ण्यासमोर वाजवलेलं आहे, विजेचा माइक यायला अजून बारा वर्षं होती. ते क्लायबरशेजारी ठेवून “ओळखा पाहू” म्हणणं हा पोरखेळ. एका काळातली एका बैठकीत ऐका : तोस्कानिनीचं १९५२ चं क्लेम्पेररच्या १९५५ च्या शेजारी शोभतं. स्टिरिओ (दोन वाहिन्यांची) रेकॉर्डिंग्ज मोनो करून घेतली तर दरी थोडी बुजते. सगळ्यांवर कृत्रिम खरखर चढवायचा उद्योग मी एकदा केला आहे. करू नका.

प्रश्न : नाव काढून घेतलं तर तज्ज्ञही फसतात का? की हे आमच्यासारख्यांपुरतंच?

उत्तर : फसतात. तज्ज्ञांना तर चुकीचं नाव चिकटवूनही फसवता येतं. शोपँच्या पहिल्या पियानो कन्चेर्तोचं (पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठीच्या रचनेचं) एक रेकॉर्डिंग कितीतरी वर्षं दिनू लिपाती या पियानोवादकाचं म्हणून विकलं गेलं, वाखाणलं गेलं. लिपाती १९५० मध्ये तेहेतिसाव्या वर्षी गेला, त्यामुळे त्याच्या प्रत्येक सुराला हळवेपणाचं वलय होतं. पुढे उघड झालं की वाजवणारी हालिना चेर्नी-स्तेफान्स्का होती. ती उत्तमच वाजवते! नाव बदलल्यावर तिचं वादन वाईट झालं नाही, पण “मृत्यूची चाहूल” वगैरे लिहिणाऱ्यांची पंचाईत झाली.

उलट बाजूही पाहा. अमेरिकेतल्या मोठ्या ऑर्केस्ट्रांमध्ये वादक निवडताना पडदा लावण्याची पद्धत १९७० आणि १९८० च्या दशकांत रूढ झाली. काही ठिकाणी तर टाचांच्या आवाजावरून बाई की पुरुष हे कळू नये म्हणून गालिचाही अंथरत. तिथे प्रश्न सोपा असतो : या माणसाला घ्यायचं की नाही. आपल्याला सिंफनीला नोकरी द्यायची नाहीये.

प्रश्न : हेडफोन की स्पीकर?

उत्तर : जे रोज वापरता ते. फक्त सगळ्यांनी तेच.

प्रश्न : आमच्यात एक जण पहिल्या दहा सेकंदांतच “वा!” म्हणतो आणि मग सगळ्यांचे गुण तिकडेच झुकतात. त्याला दुखवायचं नाहीये.

उत्तर : त्याला फायली लावायला बसवा. नावं माहीत असणारा माणूस तसाही गुण देऊ शकत नाही, आणि चेहऱ्यावरून फोडू नये म्हणून त्याने तुमच्या पाठीमागे बसायचं. बाकीच्यांनी आधी एक ओळ लिहायची, मग आकडा. ओळ नेमकी हवी : “दुसरा सूर तोडला”, “बसून ऐकूच आले नाहीत.” नुसतं “भव्य” लिहिलं असेल तर तो आकडा धरू नका.

कागद उघडल्यावर लगेच पांगू नका. सगळी रेकॉर्डिंग्ज नावासकट पुन्हा एकदा ऐका आणि नवे गुण जुन्यांशेजारी मांडा. मी क्लायबर तसा ऐकला, नाव डोळ्यांसमोर ठेवून, गार्डिनरच्या लगेच नंतर. साडेआठ दिले. झाकून पाच दिले होते त्याच जागी.