‘लेम’मधला एकार कुठून आला?

प्रश्न असा: अपोलोच्या कागदपत्रांत चांद्र अवतरणयानाला ‘एलएम’ लिहिलंय, मग अंतराळवीर ‘लेम’ का म्हणतात? आणि ‘रॉजर’ही आद्याक्षरांचाच शब्द का?

रॉजर आधी उरकतो. नाही. जुन्या रेडिओ वर्णमालेत ‘आर’ला रॉजर म्हणत आणि ‘आर’ म्हणजे रिसीव्ह्ड. निरोप मिळाला, एवढंच. ‘तसं करतो’ यासाठी ‘विल्को’ आहे, म्हणजे विल कम्प्लाय. तरी जो तो रॉजरचा अर्थ ‘आदेश मान्य’ असा ठोकून देतो!

आता खरी गंमत. मूळ नाव ‘लूनर एक्सकर्शन मॉड्यूल’. एक्सकर्शन म्हणजे सहल. इतक्या गंभीर मोहिमेला सहलीचा वास नको म्हणून नासाने 1966 मध्ये तो शब्द वगळला. पण तोवर ‘लेम’ जिभेवर बसला होता. शब्द हद्दपार झाला, त्याचा स्वर तेवढा मागे राहिला. ‘लेम’ला अशुद्ध ठरवणाऱ्या पंडितांनी अपोलोच्या ध्वनिफिती एकदा तरी ऐकाव्यात.

अशी रूपं वेळ वाचवायला केली, हे नेहमीचं स्पष्टीकरण मला मुळीच पटत नाही. ती कानासाठी टिकली. 14 नोव्हेंबर 1969, अपोलो 12. उड्डाणानंतर मिनिटभरात यानावर दोनदा वीज पडली आणि ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षात यानाकडून येणारे आकडे विस्कटले. तिथल्या जॉन ॲरनने तोडगा सुचवला, ‘एससीई टू ऑक्स’, म्हणजे आकडे पाठवण्याजोगे करणाऱ्या ‘एससीई’ यंत्रणेचं बटण ‘ऑक्झिलरी’वर, म्हणजे पर्यायी स्थितीवर टाका. कॅपकॉम, म्हणजे अंतराळवीरांशी बोलणारा माणूस, जेरल्ड कारने तो वर कळवला, पण यानाचा कमांडर पीट कॉनरॅडला पहिलं अक्षरच नीट लागेना. कारला पुन्हा सांगावं लागलं. ते बटण नेमकं कुठलं हे यानातल्याच ॲलन बीनला ठाऊक होतं, म्हणून निभावलं. खरखरीत एस आणि एफ वेगळे कोण काढणार? ‘फिडो’, ‘रेट्रो’, ‘कॅपकॉम’ या नियंत्रण कक्षातल्या पदनामांत तसा घोळ होत नाही.

आणि कानात बसलेला शब्द मग हलत नाही. कॅपकॉममधला ‘कॅप’ कॅप्सूलचा; शटलला कॅप्सूल नव्हती, तरी कॅपकॉम होताच. ॲरनचं पद ‘ईकॉम’, यानाची वीज, आतली हवा वगैरे सांभाळणारा. त्यातला ‘कॉम’ कम्युनिकेशनचा. अपोलो 10 नंतर संपर्काचं काम ‘इन्को’ या वेगळ्या पदाकडे गेलं, ईकॉम मात्र ईकॉमच राहिला. पुढे त्याच ‘कॉम’मध्ये ‘कन्झ्युमेबल्स’ बसवला. विस्तार बदलला, उच्चाराला कोणी हात लावला नाही.