आईला हॅरोला आणताय तर हे आधी वाचा

पुढच्या वर्षी लंडनमधल्या हॅरोला शिफ्ट होताय, आई सहा महिने व्हिजिटर व्हिसावर येणार, दिवसभर घरी एकटी, तर चोऱ्यामाऱ्या आणि पोलीस कसे आहेत असं विचारलंय तुम्ही. एरिया चांगलाय, मी रात्री स्टेशनवरून चालत येते. सोन्याचं मात्र सांभाळा, आपल्या घरांत सोनं असतं हे इथल्या चोरांना पक्कं ठाऊक आहे, दिवाळीच्या आसपास तर जास्तच, तेव्हा पाटल्या-बांगड्या तिकडेच लॉकरला ठेवून यायला सांगा.

पण मला खरी भीती फोनची वाटते. माझ्या सासूबाईंना दुपारी लँडलाइनवर फोन आला, हिंदीत, "पोलीस बोलतोय, तुमच्या भागात खोट्या नोटा सापडल्यात, घरातली कॅश तपासायला माणूस पाठवतो, कोणाला सांगू नका, मुलालाही नाही." सासूबाईंनी देवघरातल्या डब्यातले चारशे पाउंड पाकिटात घालून दारात त्या पोराला दिले, वर त्याला पाणी हवंय का म्हणून विचारलं. तीन आठवडे एक शब्द बोलल्या नाहीत, जेवण कमी झालं तेव्हा मी खोदून खोदून विचारलं तर रडायलाच लागल्या. पैशांचं नव्हतं हो, सून काय म्हणेल आणि पोलीस घरी आले तर शेजारी काय म्हणतील याचं. आपल्याकडे शहाण्याने पोलिसांची पायरी चढू नये म्हणतात ना, तेच डोक्यात.

आम्ही १०१ ला फोन केला (तातडीचं नसेल तर हा नंबर, जिवावरचं असेल तर ९९९). एक ऑफिसर येऊन तासभर बसली, फोनवर दुभाषी जोडून दिला, एका शब्दाने ओरडली नाही. पैसे गेले ते गेलेच, पण त्या रात्री सासूबाई नीट जेवल्या.

आईला एवढं पाठच करून घ्या, इथले पोलीस किंवा बँक कधीच पैसे, कार्ड, पिन घ्यायला माणूस पाठवत नाहीत. असा फोन आला की ठेवायचा आणि दुसऱ्या फोनवरून तुम्हाला लावायचा, कारण आपण फोन ठेवला तरी लँडलाइन समोरचा थोडा वेळ धरून ठेवू शकतो. बँकेच्या नावाने फोन आला असेल तर १५९ लावायचा, तिथून बहुतेक बँकांना जोडून देतात. मोबाइलवरून ९९९ लावला आणि बोलता येत नसेल तर सांगतील तेव्हा ५५ दाबायचं. आणि व्हिसा चालू असताना तक्रार केली म्हणून व्हिसा जात नाही, हे तर दहादा सांगा, कारण चोर नेमकी हीच भीती घालतात.

आमच्या फोनशेजारी हे सगळं मोठ्या अक्षरात मराठीत लिहून चिकटवलंय, हवं असेल तर फोटो पाठवते.