साउंड कार्डाचं नंतर बघू, आधी ती पॉलिसी परत करा

प्रश्न : वय ३९. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्यात अकाउंट्स बघतो, हातात ५२ हजार येतात. जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये होम थिएटरचा कॉम्प्युटर बसवायचाय, आवाज एक नंबर हवा. रिसीव्हर-स्पीकरसकट कोटेशन दीड लाखाचं. त्यात १४ हजारांचं साउंड कार्ड आणि मुलाच्या हट्टाचं २८ हजारांचं ग्राफिक कार्ड. शिल्लक होती ती बँकेतल्या ओळखीच्या साहेबांच्या सांगण्यावरून हमीच्या पॉलिसीत भरली : वर्षाला १ लाख, १० वर्षं, विसाव्या वर्षी २० लाख. कागद मागच्या आठवड्यात आले. दुसरा विमा नाही. बायको, दोन मुलं. थिएटर १२ महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर घेऊ का?

उत्तर : कागद मागच्याच आठवड्यात आले, हे तुमचं नशीब. पॉलिसी हातात (किंवा ईमेलवर) आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. याला फ्री लुक म्हणतात, आणि विकणारे साहेब ते आपणहून सांगत नाहीत. स्टॅम्प ड्युटी, तपासणीचा खर्च आणि तेवढ्या दिवसांचा विमा वजा करून बाकी पैसे मिळतात. मुदत टळली की मात्र मोठा तुकडा कापून घेतात. अर्ज थेट विमा कंपनीला लेखी द्या, तारखेची पोच घ्या. साहेब ‘एक वर्ष बघा तर’ म्हणतील. बघू नका. टाळाटाळ झाली तर विमा नियामकाच्या (आयआरडीएआय) ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार करा.

आता तुमचं दामदुप्पट. एकेक लाख सरासरी साडेपंधरा वर्षं अडकणार आणि दुप्पट होणार, म्हणजे व्याज जेमतेम साडेचार टक्के. हेच लाख पीपीएफमध्ये टाकले तर आजच्या ७.१ टक्के दराने विसाव्या वर्षी २९ लाखांच्या आसपास होतात. दर बदलू शकतो, पण ९ लाखांचा फरक सहजी भरून निघत नाही. तुम्ही दिवसभर कारखान्याचे हिशेब तपासता हो!

आणि विमा किती? अशा पॉलिसीत बहुधा हप्त्याच्या दहापट, म्हणजे १० लाख. घरखर्च महिना ३० हजार धरला तर तीन वर्षंही पुरत नाहीत. आधी १ कोटीचा साधा टर्म प्लॅन (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा) आणि चौघांचा आरोग्य विमा घ्या. वैयक्तिक पॉलिसींवर सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीही नाही.

ईएमआय नको. साडेबारा हजारांचा हप्ता, वर पॉलिसीचे महिन्याला आठ हजार, की पगाराचे चाळीस टक्के गेले. शिवाय नो-कॉस्टमध्ये प्रोसेसिंग फी, बँकेच्या कागदावरच्या व्याजावरचा जीएसटी आणि हुकलेली रोखीची सूट असतेच.

साउंड कार्ड काढून टाका. एचडीएमआय वायरने आवाज डिजिटल स्वरूपातच रिसीव्हरकडे (स्पीकर चालवणाऱ्या पेटीकडे) जातो, पुढचं काम रिसीव्हरचं. ऑप्टिकल वायर वापरू नका, तीतून डॉल्बी ट्रूएचडी हा सगळ्यात चांगल्या प्रतीचा आवाज जात नाही. पिक्चर बघायला प्रोसेसरमधलं ग्राफिक पुरतं. ४२ हजार वाचले. त्यातले थोडे मोठ्या, संथ पंख्याच्या कूलरवर आणि एसएसडीवर (आवाज न करणाऱ्या डिस्कवर) घाला. आपल्याकडच्या मे महिन्यात छोटा पंखा असा घरघरतो की हळू आवाजातले संवाद ऐकूच येत नाहीत. टाइल्सचा हॉल घुमतो, तेव्हा समोरच्या भिंतीवर दोन जाड सोलापुरी चादरी टांगा. हजारभरात काम होईल.

कोटेशन उरलं १ लाख ८ हजारांचं, वर कूलर-एसएसडीचे थोडे. यंदा कॉम्प्युटर, रिसीव्हर आणि पुढचे दोन स्पीकर रोखीने, बाकीचे पुढच्या दिवाळीच्या बोनसवर. ग्राफिक कार्ड मात्र मुलगा रुसून बसला तरी नाही.