आयटीआयचे सर मोटर मेकॅनिकच्या पोरांना खरंच काही शिकवतात का, की भावाला सरळ गॅरेजला लावावं?

तुम्ही लिहिलंय की धाकट्या भावाला दहावीला 54 टक्के पडलेत, गाड्यांचं वेड आहे, आणि ओळखीचा गॅरेजवाला म्हणतोय, "दोन वर्षं कशाला घालवता, माझ्याकडे पाठवा, सहा महिन्यांत इंजिन उतरवेल." मी दोन्ही केलंय. आधी गॅरेज, मग आयटीआय. आज स्वतःचं छोटं गॅरेज आहे, म्हणून उत्तर द्यायचं धाडस करतोय.

दहावीनंतर वर्षभर मी एका उस्तादाकडे होतो. माणूस हाताचा पक्का. नुसत्या आवाजावरून सांगायचा, टॅपेट वाजतोय की पिस्टन. पण कसं ओळखलं म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं, "बारा-तेराचा पाना दे." त्याला तरी दोष कसा देऊ? दारात चार गाड्या, गिऱ्हाईक डोक्यावर उभं, त्यात पोराला समजावत बसला तर संध्याकाळी गल्ला रिकामा. वर्षभरात मी चाकं काढायला, ऑईल बदलायला आणि चहा आणायला शिकलो. तुमचा गॅरेजवाला म्हणतोय तसं इंजिनही उतरवून देत होतो. उतरवलेल्या इंजिनात नेमकं काय बघायचं, ते मात्र माहीत नव्हतं.

2004 साली तालुक्याच्या शासकीय आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेईकलला नंबर लागला. वाटलं, आता गाड्या मिळतील. मिळाली लोखंडी पट्टी आणि फाइल, म्हणजे कानस. तीन आठवडे नुसतं घासायचं. सर जॉब, म्हणजे घासलेली पट्टी, हातात घेऊन त्याला गुण्या लावायचे, खिडकीकडे धरायचे, आणि फटीतून उजेड दिसला की काही न बोलता परत द्यायचे. शिव्या नाहीत, काही नाही. फक्त परत. गॅरेजमधून आलेला मी स्वतःला अर्धा मेकॅनिक समजत होतो, त्यामुळे मला सगळ्यात जास्त राग यायचा.

त्या घासण्याचा अर्थ कळायला सात-आठ वर्षं गेली. एक गाडी आली, हेडचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचं, पॅकिंग दोनदा बदललेलं, तरी पाणी गरम होऊन उकळायचं. मी हेड उतरवलं, त्यावर सरळ पट्टी ठेवली, खालून फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांचा जुडगा, घातला. मध्यभागी 0.10 मिलिमीटरचं पातं आरपार गेलं. मॅन्युअलमधली मर्यादा त्याच्या निम्मी होती. हेड फेसिंगला, म्हणजे मशीनवर सपाट करायला, पाठवलं, नवं पॅकिंग टाकलं, बोल्ट मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला टप्प्याटप्प्याने टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने, आवळले. गाडी बरी झाली. आधीच्या दोन्ही मेकॅनिकांचे हात माझ्यापेक्षा वाईट होते असं नाही. हेड वाकडं असू शकतं आणि ते मोजता येतं, हे त्यांना कुणी खिडकीपाशी उभं करून दाखवलं नव्हतं, एवढंच.

याच सरांचा दुसरा प्रकार म्हणजे बिघाड लावणं. वर्कशॉपमध्ये स्टँडवर जीपचं जुनं पेट्रोल इंजिन होतं. आम्ही जेवायला गेलो की सर त्यात काहीतरी करून ठेवायचे. कधी डिस्ट्रिब्युटरचा, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागाचा, रोटर काढून खिशात, कधी ठिणगीसाठी करंट तोडणाऱ्या पॉइंटमध्ये कागदाचा कपटा, कधी दोन प्लगच्या वायरी अदलाबदल. मग म्हणायचे, "चालू करा." नियम एकच: कारणं तीन सांगायची, ती का वाटतात तेही सांगायचं, आणि मगच पाना उचलायचा. सांगायच्या आधी कुणी पान्याला हात लावला तर तो दिवसभर झाडू मारणार. 1-3-4-2 हा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, पाठ करून विसरणारी पोरं खूप, पण वायरी उलट्या लागल्यावर इंजिन कसं शिंकतं ते ज्यानं ऐकलंय तो विसरत नाही.

आता रोटरही गेला आणि पॉइंटही. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6, म्हणजे गाड्यांच्या धुराचे कडक नियम, आले, दुचाकींचे कार्ब्युरेटरही गेले, माझ्या टेबलावर गाडीतल्या बिघाडाचा कोड वाचणारा स्कॅनर आला. पण स्कॅनर कोड सांगतो, कारण सांगत नाही. ऑक्सिजन सेन्सरचा कोड आला म्हणून नवा सेन्सर टाकून मोकळे होणारे आहेत, आणि आधी सायलेन्सरचा जॉइंट फुंकतोय का बघणारे आहेत. दुसऱ्या गटातला माणूस कुणीतरी घडवलेला असतो, असं मला तरी वाटतं.

आता दुसरी बाजू, कारण तुम्ही "खरंच" हा शब्द वापरलाय. आम्हाला इलेक्ट्रिकल शिकवणारे सर वेगळे होते. वाईट नव्हते, घाबरट होते. मल्टिमीटर, म्हणजे करंट-व्होल्टेज मोजायचं यंत्र, कपाटात, कपाटाला कुलूप. "डेडस्टॉकला, म्हणजे सामानाच्या नोंदवहीत, लागलेला आहे, जळला तर मी भरू का?" फळ्यावर सर्किट काढायचे, आम्ही वहीत उतरवायचो, जर्नलवर सही. दोन वर्षांत मल्टिमीटरच्या दोन्ही पिना मी एकदाही गाडीला लावल्या नाहीत. आणि त्यांची ती भीती मला जशीच्या तशी चिकटली. पुढे कितीतरी वर्षं वायरिंगची गाडी आली की "दुसरीकडे दाखवा" म्हणायचो. एका गिऱ्हाइकाची बॅटरी रात्रीत उतरायची. मी त्याला दोनदा नवी बॅटरी घ्यायला लावली. तिसऱ्यांदा तो दुसरीकडे गेला. तिथल्या पोरानं बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये मीटर लावला, फ्यूज एकेक काढत गेला आणि पंधरा मिनिटांत बाहेरून बसवलेला म्युझिक सिस्टम पकडला. गाडी बंद असताना पन्नास मिलिअँपिअरच्या वर करंट जात असेल तर शंका घ्यायची, हा साधा हिशोब मी पस्तिशीत शिकलो, तोही स्वतःहून एका ट्रेनिंगला जाऊन. त्या दोन बॅटऱ्यांचे पैसे आजही डोक्यात आहेत.

म्हणजे एकाच इमारतीत, एकाच पगारावर, एका सरांनी मला हिंमत दिली आणि दुसऱ्यांनी भीती. त्यामुळे "आयटीआय चांगली की गॅरेज" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. त्या संस्थेत त्या ट्रेडला सर कोण आहेत, हे बघा. ॲप्रेंटिसशिपचंही तसंच. कायद्याने सोय आहे, 1961 पासून आहे, पण आमच्या बॅचमधल्या निम्म्या पोरांना अर्ज कुठे करायचा हे पहिल्या सरांनीच सांगितलं. मी एसटीच्या वर्कशॉपला वर्ष काढलं, ते त्यांनी मागे लागून फॉर्म भरून घेतला म्हणून.

प्रवेशाचे पर्याय भरण्याआधी भावाला घेऊन जवळच्या दोन-तीन आयटीआयमध्ये जा. प्रॅक्टिकलच्या वेळेत जा, ऑफिसात न थांबता वर्कशॉपच्या दारात उभे राहा. पोरांचे हात काळे आहेत का बघा. स्टँडवरच्या इंजिनावर धूळ आहे की ताजं ऑईल, ते बघा. हत्यारांचं कपाट उघडं आहे का, आणि मल्टिमीटर कुठे आहे, हे सरळ विचारा. सर चिडले तरी उत्तर मिळालंच. कुणी सर हातातलं काम सोडून भावाला "ये, हे बघ" म्हणाले, तर ती आयटीआय पहिल्या पसंतीला टाका, मग घरापासून एसटीने तासभर लांब असली तरी चालेल.

ट्रेडचं म्हणाल तर डिझेल मेकॅनिक एक वर्षाचा आहे, मोटर व्हेईकल दोन वर्षांचा. आता काही ठिकाणी इलेक्ट्रिक व्हेईकलचाही दोन वर्षांचा ट्रेड आहे, पण त्याला वर्कशॉपमध्ये खरी इलेक्ट्रिक गाडी आहे का, नुसता तक्ता भिंतीवर आहे, ते बघून घ्या. आणि त्या गॅरेजवाल्याला दुखवू नका. सुट्टीच्या दिवशी भावाला त्याच्याकडे पाठवत जा, हाताला वेग तिथेच येतो.