पहिलीतल्या मुलीला वाचन आणि गणितात नेमकं किती यायला पाहिजे?

भाऊ, तुमचा प्रश्न असा आहे की मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला आहे, पंचवीस सांगितलं की ५२ लिहिते, वाचताना वेलांटीला अडते, आणि शेजारचा इंग्लिश मीडियमचा मुलगा शंभरपर्यंत धडाधड म्हणून दाखवतो, मग आपली मागे पडली का आणि घरी अहिराणी बोलणं बंद करायचं का. मी धुळे जिल्ह्यात पहिलीच्याच वर्गाला शिकवते म्हणून लिहितेय, जरा लांब होईल पण वाचा.

आधी अपेक्षा किती ते बघा. ५ जुलै २०२१ ला निपुण भारत हे लहान मुलांच्या वाचन-गणिताचं केंद्र सरकारचं अभियान सुरू झालं त्यात पहिलीसाठी एवढंच धरलंय की मुलाने आधी न पाहिलेल्या मजकुरातलं ४-५ सोप्या शब्दांचं वाक्य वाचावं, ९९ पर्यंत संख्या वाचाव्या-लिहाव्या आणि साधी बेरीज-वजाबाकी करावी. मिनिटाला किती शब्द वाचले ही मोजणी दुसरीपासून, तिथे ४५ ते ६० शब्द आहेत. आणि हे सगळं पहिली संपताना, म्हणजे एप्रिलमधे, दिवाळीत नाही. पाढे पाठ असले तर चांगलंच पण गुणाकार पहिलीत नसतोच त्यामुळे ते टेन्शन सोडा.

आता ५२ चं. पंचवीस म्हणताना कानाला आधी पाच ऐकू येतं मग वीस, आणि कागदावर आधी २ येतो मग ५. जी पोरगी ऐकलं तसं लिहिते ती ५२ च लिहिणार ना! एकोणतीसला तर तीसच ऐकू येतं म्हणून ३९ लिहिणारी मुलं दरवर्षी वर्गात असतातच. शेजारच्या मुलाला ट्वेंटी फाइव्हमधे वीस आधी पाच नंतर, लिहायचंही तसंच, थर्टीन ते नाइन्टीन सोडले तर त्याला ही अडचण येतच नाही, म्हणून दोघांची तुलना करूच नका. २०१९ ला बालभारतीच्या दुसरीच्या गणितात वीस एक, वीस दोन असं वाचन दिलं तेव्हा केवढा वाद झाला होता, विधानसभेपर्यंत गेला. माझं मत विचाराल तर दोन्ही लागतं, बाजारात पंचवीसच चालतं त्यामुळे ते यायलाच पाहिजे, पण शिकवताना मी आधी वीस आणि पाच म्हणून घेते आणि मग पंचवीस, त्याने मुलाला त्या २ मधे वीस दिसायला लागतात.

घरी हे पैशावर करा. दहाच्या नोटा आणि एक-एक रुपयाची चिल्लर तिच्यापुढे ठेवा आणि म्हणा पंचवीस रुपये दे. दोन नोटा आणि पाच नाणी दिली की मगच लिहायला सांगा, नोटा किती ते आधी लिही, सुट्टे किती ते नंतर. मग बावन्न मागा. दोन्ही ढीग शेजारी शेजारी ठेवले की तिचं तिलाच कळतं हे वेगळे पैसे आहेत, तुम्हाला चूक दाखवावीही लागत नाही. वर्गात आम्ही दशकाचे दांडे वापरतो, नाहीतर झाडूच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबर लावून करतो, काम तेच.

शंभरपर्यंत म्हणता येणं आणि मोजता येणं यात खूप फरक आहे. मूठभर शेंगा मोजायला द्या, आठ म्हणाली की त्याच शेंगा लांब लांब पसरवा आणि परत विचारा किती. न मोजता आठ म्हणाली तर संख्या कळली, परत एकपासून सुरू केलं तर अजून थोडा वेळ आहे. तसंच सात आणि तीन मिळवताना एकपासून मोजते का सातच्या पुढे आठ, नऊ, दहा जाते ते बघा, पहिलीच्या गणितातली मोठी पायरी हीच आहे असं मला वाटतं.

वाचनातही वेलांटीचं असंच होतं. दिवा वाचताना डोळ्याला आधी वेलांटी दिसते मग द, आणि तोंडाने मात्र द आधी येतो, म्हणून पोरं तिथे थांबतात. त्यात आपण घरी द ला पहिली वेलांटी दि, व ला काना वा असं म्हणून घेतो आणि शेवटाला जाईस्तोवर पहिलं अक्षर विसरून जातं. त्यापेक्षा अख्खा दि एकदम म्हणवा. मी फळ्यावर काका लिहिते, दुसऱ्या अक्षराचा काना पुसून वेलांटी देते, काकी झाली, मग उकार देते, काकू झाली, मग मामाची मामी. एवढंस चिन्ह बदललं की माणूसच बदलतो याची पोरांना फार मजा येते आणि चिन्हाकडे लक्ष द्यायची सवय लागते. जोडाक्षरांची घाई करू नका, काना वेलांटी उकार मात्रा पक्के होऊ द्या.

अहिराणी अजिबात बंद करू नका. चित्र नसताना फळ हा शब्द बघून पोरगी फय म्हणाली, डोळा बघून डोया म्हणाली तर तिने तो वाचलाय आणि अर्थही लावलाय, मी तिथे टोकत नाही, हो बाळा, पुस्तकात फळ म्हणतात एवढं सांगून पुढे जाते. उलट अक्षरं स्वच्छ म्हणून अर्थ न सांगणाऱ्या मुलाची मला जास्त काळजी वाटते. शिक्षण हक्क कायद्यातही शक्य तिथे मातृभाषेतून शिकवा असंच आहे. रात्री आजीला अहिराणीत गोष्ट सांगू द्या, मधेच थांबून मंग काय व्हयनं? असं विचारू द्या, पोरगी उत्तर देते म्हणजे पुढे वाचलेलं समजून घ्यायची तयारी होतेय.

काळजी कधी करायची तर जानेवारीनंतरही काना असलेला दोन अक्षरी शब्द वाचता येत नसेल किंवा दहा वस्तू बोट लावून मोजताना सारखी एखादी सुटत असेल, एखादी दोनदा मोजली जात असेल तर वर्गशिक्षकांना जाऊन भेटा, मोबाईलवर मेसेज नको, वही घेऊन समोर बसा. आणि पुस्तक फार डोळ्याजवळ धरत असेल किंवा फळ्यावरचं बघायला उठून पुढे जात असेल तर आधी डोळे तपासा, शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं त्या दिवशी तिला घरी ठेवू नका.