मी इंटर्न आहे. ओपीडीत एका पेशंटला दोन मिनिटं मिळतात, वेळच नाही, त्यात रिफ्लेक्टिव्ह लिसनिंग कोणी खरंच करतं का? कसं?

करतात. पेशंटच्या बोलण्यातून आपल्याला काय कळलं ते साध्या वाक्यात त्याला परत सांगायचं आणि पुढचं ऐकायचं, एवढंच ते. मी केलंय. पालिकेच्या हॉस्पिटलात 19 वर्षं स्टाफ नर्स होते, त्यातली बरीच मेडिसिन ओपीडीत. तुम्ही इंटर्न आहात म्हणता, म्हणजे तुमच्या अभ्यासक्रमात तरी हे आहे, 2019 पासून एमबीबीएसला ॲटकॉम आलं ना, म्हणजे वागणूक, नीतिमत्ता आणि पेशंटशी बोलणं शिकवणारा भाग. आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं. त्यामुळे 'वेळच नाही' हे वाक्य वाचलं आणि डोकं फिरलं, कारण हेच वाक्य मला एका रजिस्ट्रार सरांनी भर ओपीडीत ऐकवलं होतं.

मे महिना होता, पंखा नावाला फिरत होता. काळाचौकीकडच्या एक मावशी, इन्सुलिनवर, शुगर चारशेच्या वर. सर म्हणाले, "इन्सुलिन का नाही घेतलं?" मावशी गप्प. परत तेच, जरा मोठ्याने. मावशी म्हणाल्या, "घेते की." झालं, सरांनी डोस वाढवला, पेपरवर नॉन कम्प्लायंट, म्हणजे सांगितलेलं औषध न घेणारी, असं लिहिलं आणि नेक्स्ट. आता बघा, आपल्याकडे 'का नाही घेतलं' हा प्रश्न नसतोच, तो जाब असतो. शाळेत गृहपाठ का नाही केला तसला. त्याला खरं उत्तर कोण देतं?

मावशी पेपर घेऊन माझ्या टेबलाशी आल्या आणि स्वतःशीच पुटपुटल्या, "या सुईनं नुसता जीव नकोसा केलाय." मी म्हटलं, "मावशी, सुई टोचून घ्यायची भीती वाटते." एवढंच, आणि थांबले. माझा अंदाज साफ चुकला होता. त्या लगेच म्हणाल्या, "भीती कसली सिस्टर, मी तीन बाळंतपणं केलीत. ती बाटली शेजारणीच्या फ्रिजमध्ये असते." मी म्हटलं, "आणि तिच्याकडे जावंसं वाटत नाही." मग धो धो. नळावरून भांडण झालेलं, बोलणं बंद, त्यात रोज दोनदा तिच्या दारात उभं राहायचं. आठ दिवस बाटली तिकडेच आणि या इकडे.

यावर उपाय डोस वाढवणं होता का? वापरात असलेली बाटली फ्रिजबाहेर साधारण चार आठवडे चालते, फक्त मुंबईच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत ती उघड्यावर ठेवायची नाही. प्लास्टिकच्या घट्ट डबीत घालून पाण्याच्या मडक्यात ठेवा म्हटलं. विषय संपला. आणि डोसबद्दल मी सरांना सांगायला गेले, कारण घेतच नसलेल्या बाईचा डोस वाढवला आणि उद्या ती नीट घ्यायला लागली तर शुगर पडेल की. तर सर काय म्हणाले, "सिस्टर, गप्पा मारायला वेळ नाही इथे." डोस मात्र मुकाट्याने पूर्वीचा केला.

तर 'कसं' याचं उत्तर त्यातच आहे. अंदाज चुकला तरी चालतो, पेशंट स्वतःच दुरुस्त करतो. फक्त शेवटी 'का?' लावू नका, आवाज खाली आणून वाक्य संपवा, आणि मग गप्प बसा, हेच सगळ्यात अवघड. ते 'म्हणजे तुम्हाला असं वाटतंय की छातीत धडधडतंय' असलं पोपटासारखं बोलायचं नाही. इंग्रजीत चालत असेल, मराठी माणूस म्हणतो, "वाटत नाही हो, होतंय!" त्यांचाच शब्द उचला. 'कसंतरीच होतंय' म्हणाले तर विचारा कसंतरीच कधी होतं, लगेच त्याची एंग्झायटी करू नका.

आणि वेळेचं म्हणाल तर 1984 मध्ये अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल या दोघांनी मोजलं होतं, डॉक्टर सरासरी 18 सेकंदांत पेशंटला मधेच तोडत होते. तिकडे काय आपल्यासारखी पॅसेजपर्यंत लाईन असते? म्हणजे गर्दी हे एकच कारण नाही, सवय आहे.

हां, प्रत्येक पेशंटला हे करू नका. छातीत दुखतंय म्हणणाऱ्याचा आधी ईसीजी काढा. बीपीच्या गोळ्या संपल्यात म्हणून आलाय त्याला गोळ्या लिहून द्या, तो लोकल पकडून कामावर जाणार आहे. जो दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तेच घेऊन परत येतोय त्याच्यासाठी हे राखून ठेवा. आणि मीही खेकसलेय पेशंटवर, सोमवारी तर हमखास, उगाच संत समजू नका.

ते सर आता कन्सल्टंट आहेत असं ऐकते. सर, वाचत असाल तर सांगते, त्या गप्पा दीड मिनिटाच्या होत्या. समोरच भिंतीवर घड्याळ होतं.